पद, वाक्य आणि तात्पर्य : कुंजुन्नी राजा यांचा अर्थविचार व मराठीची साक्ष

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना ही त्रयी परिचयाची आहे. मराठीत, हिंदीत, कन्नडात, बंगालीत साहित्यशास्त्राचे जे जे अध्यापन होते त्यात हे तीन शब्द येतातच. परंतु बहुधा ते काव्यशास्त्राच्या दालनात ठेवलेले असतात. श्लोक द्यावा, त्यातील शक्ती ओळखावी आणि पुढे जावे, असा प्रघात पडून गेला आहे. वस्तुतः या संज्ञा मुळात काव्यापुरत्या नव्हत्या. भाषेतून अर्थ कसा कळतो, या व्यापक प्रश्नाची उत्तरे शोधताना मीमांसकांनी, नैयायिकांनी आणि वैयाकरणांनी अभिधा व लक्षणा घडवल्या. आलंकारिकांनी त्यांचा स्वीकार केला आणि व्यंजनेची भर घातली. या संज्ञांना त्यांचे मूळ घर पुन्हा दाखवून देण्याचे काम विसाव्या शतकात ज्यांनी केले त्यांत के. कुंजुन्नी राजा (१९२०–२००५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या अर्थविचाराचा परिचय करून देणे आणि त्यातील एका मध्यवर्ती वादाला आजच्या मराठीची साक्ष कितपत उपयोगी पडते हे तपासणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी उद्देश आहे.

१

कुंजुन्नी राजा हे केरळचे. संस्कृत विद्येची जुनी परंपरा त्यांना लाभली होती, आणि लंडन येथे जॉन ब्रफ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आधुनिक पद्धतीचे संशोधन केले. मद्रास विद्यापीठ आणि अड्यार ग्रंथालय ही पुढे त्यांची कर्मभूमी झाली. त्यांचा ‘इंडियन थिअरीज ऑफ मीनिंग’ हा ग्रंथ अड्यार ग्रंथालयाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रफ यांनी १९५१ ते १९५३ या काळात संस्कृत वैयाकरणांच्या भाषाविचारावर जे निबंध लिहिले त्यांतील काही सूत्रे राजा यांनी पुढे नेली. मात्र ग्रंथाची व्याप्ती निबंधांपेक्षा पुष्कळ मोठी आहे. पदाचा मुख्यार्थ, अनेकार्थक व समरूप शब्द, स्फोट, वाक्याच्या एकतेच्या अटी, वाक्यार्थाचे ज्ञान, लक्षणा आणि व्यंजना असे सर्व विषय त्यांनी एका आराखड्यात बसवले आहेत.

या आराखड्याचा विशेष असा की त्यात ग्रंथकारांचा कालक्रम प्रधान नसून प्रश्नांचा क्रम प्रधान आहे. यास्क, पतंजली, शबर, भर्तृहरी, कुमारिल, प्रभाकर, जयंत भट्ट, आनंदवर्धन ही माणसे एकाच प्रश्नाभोवती बसून बोलत आहेत, असे वाचकाला वाटते. भारतीय शास्त्रकारांनी आपले मत पूर्वपक्षाशी वाद करूनच मांडले असल्यामुळे ही मांडणी विषयाच्या प्रकृतीशी जुळणारी आहे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. आपल्याकडील चर्चा बहुतांशी ऐकणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. वक्त्याच्या मनातील कल्पना शब्दात कशी उतरते यापेक्षा श्रोत्याला शब्दापासून बोध कसा होतो, हा तिचा आरंभबिंदू आहे. म्हणूनच ‘शाब्दबोध’ ही संज्ञा तिच्या केंद्रस्थानी आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा दृष्टिकोन जवळचा वाटावा, कारण तोही प्रथम वाचक किंवा श्रोताच असतो.

२

या सर्व चर्चेचा कणा म्हणजे पद आणि वाक्य यांच्या संबंधाचा प्रश्न. अर्थाचा वाहक कोण? सुटे पद की सबंध वाक्य? तीन प्रमुख मते आहेत; त्यांचा सारांश देणे अवश्य आहे.

कुमारिल भट्टांचे अनुयायी अभिहितान्वयवादी. त्यांच्या मते प्रत्येक पद आपापला अर्थ स्वतंत्रपणे सांगते, आणि अशा रीतीने सांगितलेल्या अर्थांचा मग परस्परांशी अन्वय होतो. लाकडे पेटवण्याचे प्रयोजन स्वयंपाक हे असते, परंतु ज्वाला ही मधली पायरी चुकत नाही. त्याप्रमाणे पदांचे अंतिम प्रयोजन वाक्यार्थ असले तरी पदार्थांचे ज्ञान ही मधली पायरी आहे, असा दृष्टान्त ते देतात.

प्रभाकराचे अनुयायी अन्विताभिधानवादी. पद कधीही सुटा अर्थ सांगत नाही. ते दुसऱ्याशी जोडलेलाच अर्थ सांगते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मुख्य आधार मूल भाषा कशी शिकते हा आहे. वडीलधारा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो आणि तो दुसरा विशिष्ट कृती करतो. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये कानांवर पडतात. एक शब्द निघतो, दुसरा येतो, आणि त्याबरोबर कृतीतही बदल होतो. या आवाप-उद्वापातून मूल ‘गाय’ आणि ‘आण’ यांचे अर्थ निवडून काढते. म्हणजे पदाचा अर्थ हाती येतो तो वाक्यातून आणि व्यवहारातून. सुट्या पदाची गाठ त्याला आधी पडलेलीच नसते.

तिसरे मत भर्तृहरीचे. ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडाच्या आरंभी त्याने वाक्याविषयीची आठ मते नोंदवली आहेत. त्याचा स्वतःचा कल असा की वाक्य अखंड आहे आणि त्याचा अर्थही अखंड आहे. चित्र पाहताना आपण प्रथम सबंध चित्र पाहतो. निळा, पिवळा असे रंग नंतर वेगळे सांगतो. पदे ही अशीच विश्लेषणासाठी काढलेली आहेत. श्रोत्याच्या मनात वाक्यार्थ एकदम उमलतो, आणि या उमलण्याला भर्तृहरी ‘प्रतिभा’ म्हणतो.

प्रत्येक मतापुढे एक अडचण आहे. पदे केवळ आपापले अर्थ सांगत असतील तर त्यांतील संबंध कोणत्या पदाने सांगितला? कुमारिलपक्षाला यासाठी लक्षणेचा आश्रय घ्यावा लागतो. पद जोडलेलाच अर्थ सांगत असेल तर जितकी वाक्ये तितके त्याचे अर्थ मानावे लागतील काय? प्रभाकरपक्ष उत्तर देतो की पद सामान्यतः ‘कशाशी तरी जोडलेला’ अर्थ सांगते आणि विशेष संबंध शेजारच्या पदांमुळे ठरतो. परंतु हे उत्तर देताना तो प्रतिपक्षाच्या पुष्कळ जवळ येतो. आणि वाक्य अखंड असेल तर कधीही न ऐकलेले वाक्य आपल्याला कसे समजते, याचा खुलासा भर्तृहरीच्या बाजूने द्यावा लागतो.

३

हा वाद संस्कृतातील ठरावीक उदाहरणांवर शतकानुशतके चालला. ती उदाहरणे शास्त्राच्या सोयीने निवडलेली, म्हणून काहीशी निर्जीव आहेत. तोच वाद चालत्याबोलत्या भाषेपुढे आणला तर काय दिसते? मराठीतील ‘बसणे’ हे अगदी घरगुती क्रियापद घेऊ.

‘मूल बाकावर बसले’, ‘त्याचा धंदा बसला’, ‘ओरडून आवाज बसला’, ‘तिच्यावर विश्वास बसला’, ‘चित्रकलेत त्याचा हात बसला’, ‘बातमी ऐकून धक्का बसला’, ‘तो सगळे पैसे गमावून बसला’. ही सर्व वाक्ये रोजच्या बोलण्यातील आहेत. ‘धंदा बसला’ म्हणजे मोडकळीस आला, आणि ‘विश्वास बसला’ म्हणजे दृढ झाला. एकच क्रियापद एका ठिकाणी नाश सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी प्रतिष्ठापना सांगते. मराठी माणसाला यात विरोध जाणवतही नाही.

अभिहितान्वयवादी येथे हतबल होत नाही. बसण्याच्या कृतीत दोन अंश आहेत, असे तो म्हणू शकेल: उभ्या स्थितीतून खाली येणे हा एक, आणि एके जागी स्थिर होणे हा दुसरा. ‘धंदा’ आणि ‘आवाज’ यांना उंची असते, म्हणून तेथे पहिला अंश पुढे येतो. ‘विश्वास’ आणि ‘हात’ यांच्या बाबतीत स्थिर होण्याला मोल असते, म्हणून दुसरा पुढे येतो. पदाचा मूळ अर्थ कायम आहे. उरलेले काम लक्षणा करते. हे स्पष्टीकरण समाधानकारक आहे, आणि नवे प्रयोग कसे होतात हेही त्यातून कळते. नवशिक्या वादकाविषयी कोणी ‘त्याचा ठेका अजून बसला नाही’ असे म्हटले तर हा प्रयोग पूर्वी न ऐकलेल्यालाही तो समजतो.

परंतु दोन अंशांपैकी कोणता निवडायचा हे ‘बसणे’ या पदाने सांगितलेले नाही. ते शेजारच्या पदाने ठरवले. म्हणजे ‘बसणे’ हे पद संबंधाची वाट पाहणाराच अर्थ घेऊन वाक्यात आले, असे अन्विताभिधानवादी म्हणेल. ‘गमावून बसला’ येथे तर त्याची बाजू आणखी बळकट होते. येथे कोणी खालीही आले नाही आणि आसनावरही टेकले नाही. घडलेली गोष्ट आता परत फिरवता येत नाही, आणि ती घडायला नको होती, हा भाव ‘बसणे’ केवळ दुसऱ्या क्रियापदाच्या संगतीत व्यक्त करते. ‘पैसे कमावून बसला’ असे आपण साध्या स्तुतीच्या अर्थाने म्हणत नाही.

आता ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य पाहा. घंटा वाजते, नगारा वाजतो, पाच वाजतात. तेथे ध्वनीचा संबंध स्पष्ट आहे. थंडीच्या बाबतीत आजच्या भाषकाला ध्वनीची आठवणही होत नाही. ‘थंडी’ अधिक ‘वाजणे’ अशी बेरीज करून कोणालाही हा अर्थ मिळत नाही. तो जोडीनेच शिकला जातो आणि जोडीनेच कळतो. येथे भर्तृहरीचे म्हणणे पटते: तुकडे आपण व्याकरणासाठी केले, अर्थाला ते ठाऊक नव्हते.

एकाच भाषेत, एकाच घरातील बोलण्यात, तिन्ही मतांना अनुकूल अशी उदाहरणे सापडतात. यावरून सर्व मते सारखीच खरी आहेत असा सोयीस्कर समन्वय काढणे योग्य होणार नाही. त्यापेक्षा असे दिसते की ही मते भाषाव्यवहारातील तीन वेगवेगळ्या क्षणांवर बोट ठेवतात. प्रभाकराच्या डोळ्यांपुढे शिकणारे मूल आहे. त्याला वाक्य आधी भेटते आणि पद मागाहून. कुमारिलाच्या मतातून न ऐकलेले वाक्य रचणारा आणि ते उलगडणारा भाषक समजून घेता येतो. त्याला पदे हाताशी असावी लागतात. भर्तृहरीच्या डोळ्यांपुढे ऐकण्याचा प्रत्यक्ष क्षण आहे. तेव्हा पदांची जाणीव विरून गेलेली असते. राजा यांनी वाद प्रश्नक्रमाने मांडल्यामुळेच हे क्षण वेगळे पाहणे शक्य होते, आणि त्यांच्या ग्रंथाचे खरे फलित येथे आहे असे मला वाटते.

४

ही पदे एकत्र कोण आणते? राजा यांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन प्रसिद्ध अटींबरोबर तात्पर्याची चर्चा सविस्तर केली आहे. आकांक्षेचा प्रश्न अपूर्ण वाक्यात उघड होतो. कोणी नुसते ‘दार!’ म्हणतो. वारा आत येत असेल तर ‘लाव’ आणि कडी वाजत असेल तर ‘उघड’ असा बोध होतो. श्रोता मनात शब्द भरतो की केवळ अर्थ भरतो, यावर भाट्ट आणि प्राभाकर यांचा मतभेद आहे. भाट्टांच्या मते गळलेला शब्दच गृहीत धरावा लागतो. प्राभाकरांना अर्थाची भर पुरेशी वाटते. चहाच्या दुकानात ‘दोन’ म्हटल्यावर जे घडते ते पाहिले तर प्राभाकरांचा पक्ष अधिक स्वाभाविक वाटतो. ‘कप’, ‘चहा’, ‘दे’ यांपैकी नेमका कोणता शब्द गळला हे ना मागणारा सांगू शकतो, ना देणारा, आणि तरीही चहा येतो.

‘सैंधव’ या शब्दाचे जुने उदाहरण येथे आठवते. संस्कृतात त्याचा अर्थ मीठ असाही होतो आणि घोडा असाही होतो. जेवताना मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. मराठीत आज ‘सैंधव’ म्हणजे केवळ मीठ. उपवासाच्या फराळापुरता उरलेला हा शब्द संदिग्धतेचे उदाहरण म्हणून मराठीत निरुपयोगी झाला आहे. प्रकरण, देश, काल, औचित्य इत्यादी जी अर्थनिर्णायक साधने भर्तृहरीने सांगितली आहेत, त्यांपैकी कालाचे काम केवळ एका वाक्यापुरते नसते. भाषेच्या इतिहासातही ते चालू असते, हे यावरून लक्षात यावे.

तात्पर्याबाबत नैयायिक आणि मीमांसक यांच्यात मूलभूत मतभेद आहे. नैयायिकांच्या मते तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा. मीमांसकांना हे मान्य होणे शक्य नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय. ज्याला कर्ताच नाही त्याच्या कर्त्याची इच्छा कोठून आणणार? म्हणून त्यांनी तात्पर्य ग्रंथातच शोधले. उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या लक्षणांवरून ग्रंथाचे तात्पर्य ठरवावे, अशी पद्धती या विचारातून रूढ झाली. वेदान्त्यांनीही तिचा उपयोग केला.

विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही असा पक्ष मांडला, आणि त्याची चर्चा आपल्या विद्यापीठांतूनही पुष्कळ झाली. कर्त्याच्या हेतूशिवाय अर्थनिर्णय कसा करावा याचा विचार मीमांसकांनी फार पूर्वी, सर्वस्वी भिन्न कारणासाठी केला होता. ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असा अभिमान मिरवण्यासाठी मी हे सांगत नाही. दोन्हींची प्रयोजने निराळी आहेत: एकास धर्माचरणाचा निर्णय हवा होता, दुसऱ्यास कवितेचे मूल्यमापन. परंतु निनावी लोकगीते, अनेक हातांनी वाढलेल्या गाथा, प्रक्षेपांनी भरलेल्या पोथ्या हा भारतीय साहित्याचा फार मोठा भाग आहे. तेथे कर्त्याची इच्छा विचारायला कर्ता हाती लागत नाही. अशा संहितांपुढे मीमांसकांची तात्पर्यलक्षणे आजही कामाची ठरू शकतात. ती नव्याने तपासून पाहणे हे काम अद्याप व्हावयाचे आहे.

५

राजा यांच्या विवेचनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्फोटाचा गूढवादी अर्थ बाजूला सारून तो अर्थवाहक भाषिक चिन्ह आहे, असे त्यांनी ब्रफ यांच्या मागोमाग प्रतिपादन केले. या प्रतिपादनाने स्फोटविचार आधुनिक भाषाविज्ञानाच्या चर्चेत आणला हे खरे. परंतु पतंजलीचा स्फोट, भर्तृहरीचा स्फोट आणि उत्तरकालीन वैयाकरणांचा स्फोट यांत अंतर आहे. पुणे विद्यापीठातून १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कौंडभट्टाच्या ‘स्फोटनिर्णया’च्या आवृत्तीत शि. द. जोशी यांनी या भेदाकडे लक्ष वेधले. त्यापूर्वी १९६५ मध्ये का. वा. अभ्यंकर आणि वि. प्र. लिमये यांनी सिद्ध केलेली ‘वाक्यपदीया’ची आवृत्ती याच विद्यापीठाने प्रकाशित केली होती. या विचारक्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा केवळ पाठशाळांपुरता राहिला नाही, याची ही साक्ष होय.

दुसरी मर्यादा तुलनेची. पाश्चात्त्य मतांशी साम्य दिसले की ते नोंदवावे, असा राजा यांच्या काळचा रिवाज होता. साम्य नोंदवल्याने वाचकाला ओळख पटते. पण दोन विचारांची खरी परीक्षा त्यांना एकाच प्रश्नापुढे उभे केल्यावर होते. हे पुढचे पाऊल बिमल कृष्ण मतिलाल यांनी टाकले. पी. के. सेन यांच्यासह १९८८ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी फ्रेगेच्या १८८४ मधील संदर्भतत्त्वाशेजारी मीमांसकांचा हा वाद ठेवला आणि १९९० च्या ‘द वर्ड अँड द वर्ल्ड’ या ग्रंथात त्याचा विस्तार केला. राजा यांनी साहित्य गोळा करून मार्ग आखून दिला नसता तर ही वाटचाल इतकी सुकर झाली नसती.

तिसरी मर्यादा आपल्याशी संबंधित आहे. राजा यांचे विवेचन संस्कृत शास्त्रग्रंथांवर आधारलेले असल्यामुळे उदाहरणेही साहजिकच तेथील आहेत. आधुनिक भारतीय भाषांनी या विचाराला आपली सामग्री पुरवावी, हे काम त्या त्या भाषेच्या अभ्यासकांचे आहे.

ते का करावे? भाषांतराचा व्यवहार पाहिला म्हणजे उत्तर मिळते. मराठीत ‘धक्का बसतो’ आणि ‘थंडी वाजते’. हिंदीत दोन्ही ‘लगते’. पण ‘गमावून बसला’ याला हिंदीत ‘गँवा बैठा’ हा जवळजवळ तंतोतंत प्रतिरूप आहे. शेजारच्या दोन भाषा एका वाक्यात हातात हात घालून चालतात आणि पुढच्याच वाक्यात फारकत घेतात. शब्दास शब्द देणारा द्विभाषिक कोश ही फारकत दाखवू शकत नाही. पदाबरोबर त्याच्या संगतीही नोंदवाव्या लागतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत आपल्या कोशकारांनी अर्थांबरोबर प्रयोग दिले ते याच गरजेपोटी. अन्विताभिधानाचे नाव न घेता त्यांनी ते आचरणात आणले, असेही म्हणता येईल. मात्र केवळ वाक्येच नोंदवत गेले तर कोश कधी पुरा होणार नाही, आणि शिकणाऱ्याच्या हाती नवे वाक्य रचण्याचे सामर्थ्यही येणार नाही. तेथे कुमारिलाचे पद हवेच.

भारतीय भाषांच्या परस्पर अनुवादाविषयी आज पुष्कळ आस्थेने बोलले जाते. त्या आस्थेला शास्त्राचे अधिष्ठान हवे असेल तर अभिधा, लक्षणा आणि तात्पर्य या संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करण्याच्या यादीतून बाहेर काढून चालू भाषेच्या अभ्यासात वापरल्या पाहिजेत. कुंजुन्नी राजा यांनी जुन्या वादाचा पट आपल्यापुढे नीट मांडून ठेवला आहे. त्यावर मराठीने, मलयाळमने, बंगालीने, प्रत्येकीने आपापली वाक्ये ठेवली, तर पद आणि वाक्य यांचा तो वाद संस्कृतापुरता न राहता सर्व भारतीय भाषांचा होईल.